आयटी पार्क येईल हो, पण पोरांनी अभ्यास करायचा कुठं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापूरची पोरं पुण्याला का पळतात यावर हल्ली सगळे बोलतात, विमान पाहिजे, आयटी पार्क पाहिजे, सगळं मान्य. पण गळती त्याच्या लई आधी, दहावीच्या आतच सुरू होते आणि ती घरात होते असं माझं मत.

मी पूर्व भागात शिकवण्या घेतो. तिकडं खाली पॉवरलूम आणि वर बिऱ्हाड अशी घरं भरपूर, माग चालू असला की भिंतीला टेकलं तरी थरथर जाणवते आणि पोरगं तिथंच बसून प्रमेय पाठ करतंय. विडीवाल्यांकडं तर एकच खोली, ओल्या फडक्यात पानं, सुपात तंबाखू, आई विड्या वळतीय आणि थोरली शेजारी बसून दोरा बांधतीय कारण मजुरी हजार विड्यांमागे मिळते. ती पोरगी नववीत मागं पडली की आपण म्हणायला मोकळे, यांना शिक्षणाची आवडच नाही! त्यात नळ येणार चार-पाच दिवसांनी, त्या दिवशी पोरी क्लासला येत नाहीत, मी विचारायचंच सोडलंय.

घरांसाठी काहीच झालं नाही असंही नाही. माकपचे माजी आमदार आडम मास्तर यांच्या लढ्यातून शहराबाहेर कुंभारीला आधी विडी कामगार बायकांची १० हजार घरं झाली, मग तिथंच रे नगरची ३० हजार घरांची योजना, त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांनी दिल्या. हक्काचं पक्कं घर, भाड्याची कटकट नाही, ही साधी गोष्ट नाही. पण घर गावाबाहेर आणि कॉलेज, क्लास, काम गावात. रिक्षाला रोज पैसे कुठनं आणायचे म्हणून अकरावीत क्लास सोडलेल्या पोरी माझ्या बघण्यात आहेत. घरकुलाचा हिशोब करताना बसचा हिशोब कोण करत नाही का?

कापडगिरण्यांतली जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली, आता या गावाचं भांडवल म्हणाल तर ही पोरंच, आणि त्यांना वही ठेवायला कोपरा नाही. मोठी घरं उद्या होणार नाहीत हे कळतंय मला. पण सरकारी शाळांना संध्याकाळी कुलूप लागतं, तिथले दोन वर्ग रात्री दहापर्यंत उघडे ठेवायला काय जातंय? लाईट, पंखा, बाकं सगळं आहेच की. आणि कुंभारीची बस क्लास सुटायच्या वेळेला ठेवा, एवढं छापाच.

आपला,
एक शिकवणीवाला, सोलापूर