सूचना : ‘बोन कंडक्शन’ हेडफोन मागवण्याआधी

परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या सर्व सदस्यांना नमस्कार.

कान मोकळे राहतील असेच हेडफोन वापरायचे, हे आपलं ठरलेलं आहे. मागून येणारा ट्रॅक्टर ऐकू यायला हवा. पण पाच-सहाशे रुपयांत ऑनलाइन ‘बोन कंडक्शन’ (म्हणजे कानाजवळच्या हाडातून आवाज पोचवणारे) म्हणून जे विकतात, त्यात बऱ्याचदा कानाजवळ टेकणारा साधा छोटा स्पीकर निघतो. ओळखायचं कसं? गाणं लावून दोन्ही कानांत बोटं घाला. हाडातून येणारा आवाज कान बंद केल्यावर उलट भरीव होतो, स्पीकरचा एकदम दबतो. साधा स्पीकर वाईट असतो असं नाही, फिरायला तोही चालतो. फक्त स्पीकरच्याच भावात घ्या!

विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि वस्तू कोणत्या देशात बनली, ही माहिती देणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. ती दिसली नाही तर ऑर्डर करू नका. पाच स्टारच्या कौतुकापेक्षा एक-दोन स्टारवाल्यांचं रडगाणं आधी वाचा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. वस्तू भलतीच निघाली आणि विक्रेता दाद देईना, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे परत देतो म्हणून कुणी ओटीपी घेऊन खातंच साफ केलं, तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.