उजनीकाठच्या मंडळींचे मनापासून आभार

रविवारी आम्ही मित्रमंडळी सोलापूरहून उजनीच्या काठावर मासे खायला गेलो होतो. शहरात संभाजी तलाव आहे, जवळच हिप्परग्याचं पाणी आहे. पण चिलापी खावी ती भीमेच्या बॅकवॉटरलाच, हे आमचं ठाम मत. (वाद घालायचा तर खाऊन झाल्यावर.) पत्र्याच्या शेडखाली बसलो. समोर लांबवर रोहित पक्ष्यांची रांग, ताटात तव्यावरून थेट आलेला, कडेनं कुरकुरीत झालेला मासा आणि ज्वारीची भाकरी. अजून काय पाहिजे?

निघताना गाडी फसली. धरणाचं पाणी ओसरलं की मागं काळा गाळ उरतो, त्यात मागचं चाक निम्मं आत. जाळी आवरणारे मच्छीमार दादा न बोलावता आले. चाकाखाली बाभळीच्या फांद्या न् गोणपाट घातलं, "हळू घ्या, रेस करू नका" म्हणत गाडी ढकलून काढली. चिखल सगळा त्यांच्या अंगावर. पैसे पुढं केले तर हसून मागं सारले. हॉटेलच्या मावशींनी तर वर भाकऱ्या बांधून दिल्या.

नाव सांगायलाही कुणी थांबलं नाही. दादा, मावशी, खूप खूप आभार. पुढच्या खेपेला सोलापुरी शेंगाचटणी आणतो, तिला मात्र नाही म्हणू नका.