कर्जाच्या अडचणीत असलेल्या सभासदांसाठी सूचना

आपल्या विविध कार्यकारी सोसायटीच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, कापूस व केळीच्या पिकात तोटा आल्यामुळे ज्यांचे कर्ज थकले आहे, त्यांनी संकोच न बाळगता सचिवांची भेट घ्यावी.

खासगी सावकाराचे देणे असल्यास प्रथम त्याच्याकडे परवाना आहे का, हे तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात तपासावे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि अशा व्यवहारात कर्जापोटी जमीन लिहून घेतली गेली असेल, तर खरेदीखत झालेले असले तरी 15 वर्षांच्या आतील व्यवहाराबाबत जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. मात्र व्यवहार कर्जाचाच होता हे दाखवावे लागते. म्हणून चिठ्ठ्या, पावत्या, साक्षीदार जे असेल ते जपून ठेवावे. आपल्याकडे नेमके हेच फेकून दिले जाते.

बँकेचा तगादा असल्यास तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून लोकअदालतीत तडजोड मागता येते. महिला तसेच अनुसूचित जाती व जमातींतील सभासदांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बँकेने लेखी तक्रारीवर 30 दिवसांत समाधानकारक उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागावी.

येताना सातबारा, आधार कार्ड, बँकेच्या नोटिसा व पासबुक सोबत आणावे.

सचिव