दादा, तुम्ही रात्री आलात म्हणून

प्रिय दादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन बाबा रात्री लावतात, आणि अशा मशीनचं सामान पाठीवरच्या सॅकमध्ये घालून लोकलने घरोघर फिरणारे तुम्ही. मे महिन्यातल्या त्या रात्री सव्वादहाला लालबागला आमच्या दारात उभे राहिलात आणि आधी माफी मागितलीत, उशीर झाला म्हणून नव्हे, मुद्दाम उशिरा आलात म्हणून. "अडचण रात्रीची आहे ना? मग दुपारी येऊन मला काय दिसणार?" एवढंच म्हणालात.

आभार खरं तर त्यानंतरच्या दहा मिनिटांचे मानायचे आहेत. तुम्ही मशीनला हातच लावला नाहीत. आधी विचारलंत, बाबा झोपतात कुठे? जमिनीवरची गादी दाखवली, तर म्हणालात, "मी जरा आडवा होऊ का?" आणि बाबांच्या उशीवर डोकं टेकून, स्वतःच्या सॅकमधला मास्क लावून, बाबांच्याच मशीनवर तुम्ही डोळे मिटून पडून राहिलात. पंखा दोनवर, एसी चालू, दिवा बंद, सगळं रोजच्यासारखं. दिवसभर फिरून घामेजलेला माणूस परक्या घरात जमिनीवर गुपचूप पडून आहे आणि घरातले चौघं भिंतीला टेकून बघतायत. मग तुम्ही तळहात ट्यूबवर ठेवलात, उठून बसलात आणि मोबाइलची बॅटरी ट्यूबच्या मागे धरलीत. आत थेंब होते. पावसाळ्यात एसटीच्या काचेवर असतात तसे, बारीक थेंब मोठ्या थेंबांना मिळत, ओघळत, सरळ मास्कच्या दिशेने निघालेले. बाबा दोन महिने सांगत होते, "तोंडात पाणी येतं, गुदमरायला होतं." त्या उजेडात ते पहिल्यांदा सगळ्यांना दिसलं.

त्याआधी आलेल्यांबद्दल न लिहिता हे पत्र पुरं होणार नाही. मशीन आणून देणारे दुपारी चारला आले, बाबांना खुर्चीत बसवून मास्क लावला, हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर ५ वर ठेवला आणि पंधरा मिनिटांत निघाले. जाताना म्हणाले, सवय होईल. फोनवरून सल्ला देणाऱ्यांनी सांगितलं, हवा गळतेय ना, मग पट्टे आवळा. तिसऱ्याने नवा, मोठा मास्क विकायला काढला. घरात एसी आहे का, तो किती वाजता बंद होतो, माणूस पलंगावर झोपतो की खाली, हे एकानेही विचारलं नाही. कागदावर मात्र शेरा मारला, पेशंट सहकार्य करत नाही. रोज रात्री प्रामाणिकपणे मास्क चढवणाऱ्या माणसाला हा शेरा किती लागतो, ते शेरा मारणाऱ्यांना कळायला हवं होतं.

तुम्ही जे समजावलंत ते जसंच्या तसं लिहून काढतोय, कारण या शहरात असे मास्क काढून फेकणारे पुष्कळ असणार.

पाण्याचं गणित तुम्ही दोन वाक्यांत सोडवलंत. मशीनची टाकी पाणी तापवून हवा ओलसर करते, आणि ती कोमट ओली हवा एसीने गार झालेल्या सहा फुटी ट्यूबमधून जाताना थंड होऊन पाणी सोडते. आमचं मशीन उशाशी स्टुलावर, डोक्यापेक्षा वर. म्हणजे सुटलेलं पाणी उताराने थेट नाकावर. मशीन नेहमी डोक्याच्या पातळीखाली हवं, मग पाणी टाकीकडे परत जातं. पण जमिनीवर झोपणाऱ्याने आणखी खाली जायचं कुठे? तुम्ही स्टूल हटवलंत, मशीन देवघरातल्या जुन्या पाटावर ठेवलंत आणि बाबांच्या गादीखाली दुसरी गादी सरकवलीत. झालं. एसीची पाती वर वळवली, कारण झोत थेट ट्यूबवर येत होता. ट्यूबला फाटक्या गोधडीची दुपदरी पट्टी शिवून घालायला सांगितलीत, आईने दुसऱ्या दिवशी दुपारी घातली. गरम होणारी ट्यूब मिळते आणि ती मशीनला बसत असेल तर उत्तमच, पण आधी हे करून बघा, मग पैसे घाला, असं सांगणारे पहिले तुम्हीच.

त्यानंतर टायमरची गोष्ट निघाली. बिलाच्या धास्तीने आमचा एसी २२ वर लागायचा आणि दोन वाजता आपोआप बंद व्हायचा. बाबा मास्क बरोब्बर तीनच्या सुमारास काढायचे. आम्हाला वाटायचं, झोपेत काढतात, हट्ट आहे. तुम्ही बोटांवर मोजून दाखवलंत: एसी चालू असताना खोलीतली हवा कोरडी होते, तेव्हा ह्युमिडिफायरची ओल नाकाला हवीशी वाटते. एसी बंद झाला की तासाभरात खोली मुंबईच्या हवेने भरते, आणि तीच ओल, तीच ऊब आता वाफाऱ्यासारखी कोंडते. आकडा तोच, खोली बदललेली. मेमधल्या रात्री खोलीत ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेत ओल इतकी असते की पंचवीस अंशांच्या गार वस्तूवर ती दव होऊन बसायला लागते. अशा हवेला आणखी ओल कशाला द्यायची? थंड देशांत हिवाळ्यात घरं तापवतात आणि नाक सुकून जातं, ह्युमिडिफायर तिथे जास्त लागतो. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी सीपॅपची पद्धत जगापुढे मांडली, तेव्हा लालबागची मेमधली रात्र कुणाच्या डोळ्यांसमोर असणार?

म्हणून तुम्ही दोन रात्रींचे दोन हिशेब लिहून दिलेत. पांढऱ्या मायक्रोपोर टेपवर, बॉलपेनने, मशीनच्या झाकणावर चिकटवून: "एसी २६, रात्रभर: ३. एसी नाही: बंद, टाकी रिकामी." टायमर रद्द. २०२० पासून नवे एसी मुळात २४ वर चालू होतात, तिथून दोन अंश वर घ्या, सोबत पंखा मंद ठेवा आणि सकाळपर्यंत चालू द्या, २२ वर अर्धी रात्र चालवण्यापेक्षा झोपेला हे बरं. ह्युमिडिफायरचा ३ हा आकडाही पवित्र नाही हे तुम्ही बजावलंत. सकाळी नाक कोरडं वाटलं तर एकाने वर, ट्यूबमध्ये थेंब दिसले तर एकाने खाली, आणि एका रात्रीत एकच पायरी. एसी नसलेल्या रात्री हीटर बंद करून मगच टाकी कोरडी ठेवायची, रिकाम्या टाकीखाली हीटर चालू ठेवायचा नाही.

मोटरमधून येणारी हवा खोलीच्या हवेपेक्षा थोडी गरमच असते, हेही कुणी सांगितलं नव्हतं. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत वापरायच्या खोलीची मर्यादा ३५ अंश लिहिलेली असते, आणि पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या उन्हाने तापलेल्या भिंतीच्या खोलीत मेमध्ये तो आकडा फार लांब नसतो. मशीन हवा मागच्या बाजूने घेतं. ती बाजू पडद्याला किंवा भिंतीला चिकटली की श्वास आणखी गरम. तुम्ही पाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलात. आणि मग खिडकीशी जळणारी डासांची कॉइल बघून तुमचा चेहरा जो बदलला! मशीनच्या तोंडाशी कॉइल लावणं म्हणजे तो धूर दाबाने छातीत भरणं. आता मच्छरदाणी लावतो, मशीन दाणीच्या बाहेर आणि ट्यूब तेवढी आत. फिल्टर दर पंधरा दिवसांनी उजेडात धरून बघतो. समोर टॉवरचं बांधकाम चालू आहे, तो करडा व्हायला वेळ लागत नाही. कागदी फिल्टर धुवायचा नाही, बदलायचा.

घामाचं तर काय सांगावं. बाबांना झोपण्याआधी आंघोळ करून गळ्या-चेहऱ्यावर पावडर थापायची सवय, डोक्याला खोबरेल. मास्कची सिलिकॉनची कड घामावर, तेलावर आणि पावडरीवर घसरते, हवा डोळ्यांत जाते, माणूस पट्टा आवळतो, कड चुरगळते आणि गळती वाढते. वर नाकाच्या हाडावर लाल वळ. "पट्टे आवळा" या सल्ल्याने तो वळ दोन महिने भरू दिला नव्हता. तुम्ही सगळे पट्टे सैल केलेत, बाबांना आडवं केलंत, मशीन चालू करून कड हवेने फुगू दिलीत आणि मग दोन्ही बाजू सारख्या, जेमतेम ओढल्यात. पट्ट्याखाली बोट सहज गेलं पाहिजे. खुर्चीत बसून बसवलेला मास्क आडवं झाल्यावर तसा राहत नाही, चेहऱ्याचं मांस सरकतं. आता तोंड साध्या साबणाने धुऊन, पुसून मास्क, पावडर गळ्याखालीच. कड रोज सकाळी धुतो, पट्टे आठवड्याला. कपाळावर घाम फार आला तर मऊ सुती कापडाची पट्टी पट्ट्याखाली घालतो, पण मास्कच्या पुढची बारीक छिद्रं कधीही झाकत नाही. सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो.

एका गोष्टीला तुम्ही हात लावला नाहीत, त्याचं विशेष वाटलं. शेजारच्या काकांनी सुचवलं, दाब जरा कमी करून द्या, गरम कमी वाटेल. तुम्ही हात जोडलेत. "तो आकडा डॉक्टरांचा. ओल, ट्यूब, मास्क माझं काम. दाब माझा नाही." आपलं काम कुठे संपतं हे माहीत असलेला माणूस भेटला की घर निर्धास्त होतं. अशी माणसं या शहरात आहेत. बिल फाडण्याआधी "आधी घरच्या घरी हे करून बघा" म्हणणारा मेडिकलवाला आहे, रिपोर्ट वाचता वाचता मान वर करून माणसाकडे बघणारा डॉक्टर आहे. ती मोठं काही करत नाहीत. समोरचा सांगतोय ते खरं असेल असं धरून चालतात. तुम्ही बाबांचं खरं धरलंत, म्हणून गादीवर आडवे झालात.

त्या रात्री बाबा पहाटे साडेपाचपर्यंत मास्क लावून झोपले. इतके शांत की आई दोनदा उठून मशीनचा आवाज ऐकून आली.

पावसाळ्याची तयारी तुम्ही सांगितलीत तशी केली आहे. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन मेडिकलमधून आणला, आरओचं पाणी बंद. टाकी रोज सकाळी ओततो, धुतो, सावलीत पालथी घालतो. पांढरा थर दिसला तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी, मग भरपूर धुणं. टाकीत पाणी असताना मशीन उचलायचं नाही, हे लहानग्यालाही पाठ झालंय. धुतलेली ट्यूब आत ओली राहून बुरशी धरू नये म्हणून टाकी रिकामी आणि हीटर बंद ठेवून, मास्क न लावता पंधरा मिनिटं नुसती हवा सोडतो. ट्यूब उभी टांगायला मोरीच्या दाराशेजारी बाबांनी स्वतः खिळा ठोकला आहे.

टेपवरचं बॉलपेन मात्र घामाच्या हातांनी पुसट होत चाललंय. पुढच्या वेळी इकडे फेरी झाली की वर या आणि तुमच्याच अक्षरात पुन्हा लिहून द्या. आम्ही लिहिलं तर बाबांना चालणार नाही.

तुमचे,
लालबागचे, चौथ्या मजल्यावरचे सगळे