कारखाना राज्यात टिकवायचा तर करारात आम्हालाही धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादा मोठा कारखाना राज्याबाहेर निघाला की दर वेळी एकच मागणी उठते. सरकारने हव्या तेवढ्या सवलती द्याव्यात, पण कारखाना जाऊ देऊ नये. आपल्या पत्रांच्या पानावरही गेले काही दिवस हाच सूर दिसतो आहे. मी 1994 पासून भोसरी एमआयडीसीत पत्र्याच्या सुट्या भागांचे प्रेस शॉप चालवतो. कारखाना गेल्यावर मागे काय उरते ते मी माझ्या गाळ्यात बसून पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

2006 साली माझ्याकडे चार पॉवर प्रेस होते, चौदा माणसे होती आणि सत्तर टक्के काम एकाच कंपनीचे होते. कंपनी विजेची घरगुती उपकरणे बनवायची. एकाच ग्राहकावर इतके विसंबून राहणे चूक होते हे मला तेव्हाही कळत होते. पण जॉबवर्क करणाऱ्याला ग्राहक निवडता येत नाही. जो शेड्यूल, म्हणजे मालाच्या मागणीचे वेळापत्रक, देतो त्याची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, मशीनवर चढते. त्या वर्षी कंपनीने आपले उत्पादन उत्तराखंडला हलवले. 2003 साली केंद्र सरकारने त्या राज्यासाठी आणि हिमाचल प्रदेशसाठी औद्योगिक पॅकेज जाहीर केले होते. नव्या कारखान्याला 10 वर्षे उत्पादन शुल्क पूर्ण माफ. तेव्हा बहुतेक मालावर हे शुल्क 16 टक्के होते. आमच्यासारख्यांना चार-पाच टक्के सुटले तर वर्ष बरे गेले म्हणायचे, तिथे 16 टक्के कोणती कंपनी सोडेल? म्हणून कंपनीला मी दोष देत नाही. आम्हा व्हेंडरांची, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्यांची, बैठक घेऊन त्यांनी सरळ सांगितले, तिकडे या, जागा मिळवून देऊ. आमच्यातले दोघे गेले. माझ्यावर मशीनचे कर्ज होते, वडील अंथरुणाला खिळलेले होते, आणि चौदा जणांना घेऊन दीड हजार किलोमीटरवर संसार मांडणे मला शक्य नव्हते.

त्याच सुमारास उत्तराखंडातल्या पंतनगरला बजाजचा नवा कारखाना सुरू झाला आणि 2007 साली आकुर्डीतले दुचाकींचे उत्पादन थांबले. ज्या कारखान्याच्या भोंग्यावर पिंपरी-चिंचवडच्या दोन पिढ्या उठल्या, तो असा शांत झाल्यावर आमच्या भागात कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. महाराष्ट्र तेव्हा कमी पडला, असे लोक म्हणत. पण 16 टक्क्यांशी महाराष्ट्राने कशी बरोबरी करायची होती? तेवढी सवलत दिली असती तर ती कोणाच्या खिशातून?

मी सवलतींच्या सरसकट विरोधातला माणूस नाही. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, 1964 साली राज्याने सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. तिचा हेतू स्पष्ट होता. मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्यात सगळे उद्योग गोळा होत होते. ते मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकणात जावेत. तालुका जितका मागास तितकी सवलत जास्त. त्याचे फळ पाहायचे असेल तर वाळूजला जाऊन यावे. 1985 साली तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला तेव्हा आजूबाजूला शेते होती. आज तिथे टूलरूम आहेत, हीट ट्रीटमेंटवाले आहेत, प्लेटिंगवाले आहेत, मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. फिटर म्हणून लागलेल्या माणसाची मुले तिथे स्वतःची युनिट चालवतात. माझा एक मेहुणा त्यांतलाच. वाळूजवर खर्च झालेला पैसा वाया गेला, असे म्हणायची माझी जीभ धजावणार नाही.

पण ओसाड माळावर कारखाना यावा म्हणून दिलेले पैसे वेगळे, आणि शेजारचे राज्य देते म्हणून आपण त्याहून चार रुपये जास्त द्यायचे हे वेगळे. पहिल्यात राज्य आपल्या मागास भागाचा विचार करते. दुसऱ्यात विचार कंपनीने आधीच केलेला असतो, आपण फक्त बोली लावतो. आज या दोन्हींना आपण एकच नाव देतो, म्हणून घोळ होतो.

ही बोली घातक आहे हे राज्यांना कळत नाही असेही नाही. नोव्हेंबर 1999 मध्ये तेव्हाचे केंद्रीय अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी सर्व मुख्यमंत्र्यांची बैठक बोलावली होती. उद्योग ओढून आणण्यासाठी विक्रीकरात सवलती देण्याची चढाओढ सगळ्यांनी मिळून थांबवायची, असे तिथे ठरले. सगळ्यांचीच तिजोरी रिकामी होत होती. म्हणजे एकदा सगळे शहाणपणाने एका सतरंजीवर बसले होते! पुढे सवलतींची नावे बदलली आणि चढाओढ पुन्हा सुरू झाली.

त्यात 2017 साली जीएसटी आला आणि हिशेबच उलटा झाला. हा मुद्दा चर्चेत फारसा येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जीएसटी माल जिथे विकला जातो त्या राज्याला मिळतो. चाकणला बनलेली गाडी कोइमतूरला विकली गेली तर राज्याच्या वाट्याचा कर तामिळनाडूला जातो. परदेशी गेली तर करच नाही. पूर्वी निदान केंद्रीय विक्रीकराचे दोन टक्के तरी माल बनवणाऱ्या राज्याला मिळत. म्हणजे ‘कारखाना राहिला तर कर येईल आणि सवलत भरून निघेल’ हे जुने गणित बरेचसे मोडले आहे. आता सवलत म्हणजे येणाऱ्या करातली कपात उरलेली नाही, तो बहुतांशी तिजोरीतून काढून दिलेला पैसा आहे. त्याच तिजोरीतून आयटीआय चालतात आणि आमच्या एमआयडीसीतले रस्ते होतात.

2022 चा सप्टेंबर आठवा. वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर चिप बनवण्याचा 1 लाख 54 हजार कोटींचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला आणि सगळा महाराष्ट्र हळहळला. मीही हळहळलो, खोटे कशाला सांगू. कोणाच्या काळात गेला यावर महिनाभर भांडण चालले. महाराष्ट्राने देऊ केलेल्या सवलतींचा जो आकडा तेव्हा वर्तमानपत्रांत आला तो 38 हजार कोटींच्या वर होता आणि रोजगाराचा दावा एक लाखाचा. भागाकार शाळकरी पोरालाही जमेल: नोकरीमागे 38 लाख रुपये. एवढ्या पैशात दुसरे काय झाले असते, हा प्रश्न दोन्ही बाजूंपैकी एकानेही विचारल्याचे मला आठवत नाही. आणि पुढच्याच जुलैत फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली.

तळेगावचीच दुसरी गोष्ट मला जास्त सलते. जनरल मोटर्सचा कारखाना तिथे 2008 साली सुरू झाला आणि डिसेंबर 2020 मध्ये त्याचे उत्पादन थांबले. आधी एक चिनी कंपनी घेणार होती, ते फिसकटले. मग ह्युंदाईने तो घेतला. व्यवहार जमिनीचा, इमारतींचा आणि काही यंत्रांचा झाला. जागा चांगली, रस्ता जवळ, चाकणचे व्हेंडर हाताशी, म्हणून नवा मालक आला. वास्तूचे भाग्य उजळले याचा मला आनंदच आहे. पण ज्यांनी बारा वर्षे त्या लाइनवर गाड्या जोडल्या त्या कामगारांना नव्या कारखान्यात घ्या, या मागणीसाठी त्यांना आंदोलने करावी लागली, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. व्यवहारात यंत्रे होती, माणसे नव्हती. मोठ्या उद्योगांशी जे करार सरकार करते त्यांतही मला हीच उणीव दिसते. कंपनी असते, सरकार असते. ज्यांच्या नावाने सवलत मागितली जाते ते कामगार आणि व्हेंडर त्यात सही करणारे नसतात, साक्षीदारही नसतात.

म्हणून माझे म्हणणे असे. द्यायचेच असेल तर करार लोकांना वाचायला मिळावा. किती वर्षांत सरकार कंपनीला सवलतीपोटी किती परतावा देणार, बदल्यात किती माणसे, त्यांतली कायम किती आणि कंत्राटी किती, हे तालुक्याच्या माणसाला कळले पाहिजे. महाराष्ट्रात 80 टक्के स्थानिकांची अट आहे, चांगली आहे. पण सात महिन्यांनी ब्रेक देऊन पुन्हा घेतलेला पोरगाही त्या 80 टक्क्यांत मोजला जातो का, हे कोणी सांगत नाही. सवलतीची मुदत संपल्यावर आणखी किती वर्षे उत्पादन चालू ठेवायचे ते करारात असावे, आणि आधी गेल्यास पैसे व्याजासह परत. हे कडक वाटेल. पण मी बँकेचा हप्ता चुकवला तर बँक माझी मशीन उचलते, तिला कोणी कडक म्हणत नाही.

आणि व्हेंडरांसाठी एकच मागणी आहे, तिला सरकारला एक पैसाही लागत नाही. लघुउद्योगाचे बिल 45 दिवसांत दिले पाहिजे, असा कायदा 2006 पासून आहे. तो किती पाळला जातो ते कोणत्याही गाळ्यात जाऊन विचारा. तक्रार करायची सोय आहे, पण तक्रार केली की पुढचे शेड्यूल येत नाही. ज्या कंपनीला सवलत हवी तिने व्हेंडरांची बिले 45 दिवसांत दिल्याचे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र दर वर्षी जोडावे, त्याशिवाय परताव्याचा धनादेश निघू नये. एवढी एक अट घातली तर भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरीतल्या हजारो युनिटांना कोणत्याही पॅकेजपेक्षा जास्त आधार मिळेल.

बाकी कंपन्या जातात त्यामागे फक्त शेजारच्या राज्याचे पैसे नसतात. चाकण चौकात कंटेनर दोन-दोन तास अडकतो. विजेचा दर जास्त, आणि वर ट्रिपिंग, म्हणजे वीज मध्येच जाणे. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्या टोळ्या. यांतले काहीही सवलत देऊन मिटत नाही, आणि हे मिटले तर मोठ्या कारखान्याबरोबर माझ्यासारख्या शेकड्यांना फायदा होतो. चाकणचा रस्ता झाला तर तो कोणी उत्तराखंडला उचलून नेणार नाही.

माझ्या त्या ग्राहकाची डाय त्यांच्याच मालकीची होती. उत्पादन हलले तेव्हा एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांचा ट्रक आला. आम्ही एकेक डाय क्रेनने चढवून दिली, गंज लागू नये म्हणून तेलाचे बोट फिरवून. शेवटचे बिल आठ महिन्यांनी मिळाले. चौदांतली सहा माणसे मी ठेवू शकलो. ज्यांना ठेवता आले नाही त्यांतला एक, डाय सेट करण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, तो अजूनही भोसरीत रिक्षा चालवतो. लांडेवाडीच्या थांब्यावर भेट झाली की ‘शेठ, प्रेसवर काही काम निघालं का?’ असे विचारतो. वीस वर्षे झाली, मी त्याला अजून हो म्हणू शकलेलो नाही.

आपला,
एक लघुउद्योजक, भोसरी, पुणे