मावशी, तुमच्या हातांसाठी आणि त्या एका प्रश्नासाठी

प्रिय मावशी,

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. फिल्मच्या शेवटी आभारात तुमचं नाव घालायचं होतं, पण तुम्ही घालू दिलं नाहीत. ‘देवाच्या माणसाच्या गोष्टीत माझं नाव कशाला?’ म्हणालात. म्हणून इथेही ते घेत नाही. पण तुम्ही काय केलंत हे चार लोकांना कळलंच पाहिजे, नाहीतर मला स्वस्थ झोप लागायची नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी तुमच्या ओट्यावर कागदांचा गठ्ठा घेऊन बसले होते. तुम्ही वालाच्या शेंगा सोलत होतात. संत गोन्सालो गार्सियांवर चाळीस मिनिटांची फिल्म करायची, वसईच्या माणसाची गोष्ट वसईच्या माणसांनी सांगायची, एवढा एकच ध्यास मला होता. मी वाचत गेले. किल्ल्यातलं बालपण तीन मिनिटांत उरकलं, बोट जपानला लागली आणि पुढची पंचवीस मिनिटं नागासाकीची निशिझाका टेकडी. 5 फेब्रुवारी 1597, गोन्सालोसह सव्वीस ख्रिस्ती लोकांना धर्मासाठी मारलं तो दिवस. सव्वीस क्रूस, भाले, आकाशाकडे लागलेले डोळे. वाचता वाचता माझाच गळा दाटून आला होता.

तुम्ही शेंगांचं सूप बाजूला सारलंत आणि विचारलंत, ‘पंधराव्या-सोळाव्या वर्षी घर सोडलं, चाळिशीत मारला. मधे काय करत होता?’

तुम्ही आपल्या कादोडी बोलीत विचारलं होतं, मी मराठीत लिहितेय. पण तेव्हा मला कुठल्याच भाषेत उत्तर सुचलं नाही. म्हणजे माहीत होतं सगळं. पण त्यात दाखवण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. संतांवरच्या फिल्ममध्ये शेवट महत्त्वाचा, बाकी सगळं शेवटाकडे नेणारा रस्ता, असंच मी धरून चालले होते.

त्या रात्री घरी जाऊन मी मधली वर्षं पुन्हा वाचली. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइट धर्मगुरूंच्या हाताखाली शिकलेला मुलगा त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, सुमारे आठ वर्षं त्यांच्या कामात राबला. त्यांच्या संघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा, पण तो मिळाला नाही. मग तो व्यापारी झाला, आणि चांगला व्यापारी झाला. पुढे मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात शिरला, तोही साधा ब्रदर म्हणून. धर्मगुरू तो कधीच झाला नाही. ज्या माणसाला 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी संत म्हणून जाहीर केलं, भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून आपण ज्याचं नाव घेतो, त्याला ऐन तरुणपणी हवं ते मिळालं नव्हतं. हे मी तीन वर्षं वाचत होते, मावशी. मला ते दिसलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला आपण दुभाष्याच्या प्रसंगावर बसलो. 1593 साली फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता मनिलाहून स्पॅनिश गव्हर्नरचे दूत म्हणून जपानला गेले, तेव्हा गोन्सालो त्यांचा दुभाषा होता. समोर तोयोतोमी हिदेयोशी, ज्याच्या एका शब्दावर अख्खा जपान हलायचा. मी प्रसंग लिहिला होता तो हिदेयोशी आणि बाप्तिस्ता यांचा. गोन्सालो एका कडेला उभा, इकडचं तिकडे सांगणारा.

तुम्ही सरळ सांगितलंत, ‘मधल्याकडे बघ.’ आणि मग दादरची गोष्ट सांगितलीत. लग्न होऊन आल्यावर पहाटेच्या गाडीने भाजीच्या टोपल्या घेऊन जायचात. गिऱ्हाईक गुजरातीत घासाघीस करायचं, शेजारच्या नव्या पोरीला फक्त कादोडी यायची, आणि तुम्ही दोघींच्या मधे. ‘गिऱ्हाईक तिला वाईट बोललं तरी ते तिला तसंच कसं सांगणार? आणि नाही सांगितलं तर भाव कसा ठरणार? दोघांचंही ओझं मधल्याच्या डोक्यावर. दिवसभरात आपलं स्वतःचं एक वाक्य बोलायला मिळत नाही.’

मावशी, मी फिल्म शिकले तेव्हा कार्ल ड्रायरचा 1928 चा जोन ऑफ आर्कवरचा मूकपट आम्हाला परत परत दाखवत. फाल्कोनेत्ती या नटीचा मेकअप नसलेला चेहरा पडदाभर, आणि बोलणं 1431 च्या रुआँमधल्या खटल्याच्या नोंदींवरून घेतलेलं. जोनने न्यायाधीशांना काय उत्तरं दिली ती कागदावर आहेत. मला तसंच काहीतरी करायचं होतं आणि सारखी अडत होते. तुमच्या दादरच्या गोष्टीनंतर कारण कळलं. दुभाष्याच्या तोंडून निघालेलं वाक्य दुसऱ्याच्याच नावावर जमा होतं. गोन्सालोकडे त्याच्या शब्दांवरून जाता येणार नव्हतं. दुसऱ्याचे शब्द तोंडात असताना त्याचा चेहरा कसा होत असेल, तिथूनच जावं लागणार होतं. त्या प्रसंगात आता हिदेयोशी दिसतच नाही. त्याचा फक्त आवाज येतो, आणि सहा मिनिटं कॅमेरा गोन्सालोवर आहे. एक वाक्य ऐकल्यावर तो क्षणभर थांबतो, गिळतो, मग बोलतो. नटाला मी तुमच्याकडे पाठवलं होतं ते त्यासाठीच.

आता सुकेळ्यांचं. आईच्या निरोपाचा प्रसंग मी असा लिहिला होता की ती मुलाच्या कपाळावर क्रूस काढते आणि म्हणते, ‘जा बाळा, प्रभूचं काम कर.’ तुम्ही ऐकून गप्प बसलात. मग आत जाऊन एक डबा आणलात. तुमचा धाकटा मालवाहू जहाजावर आहे, तो सुट्टी संपवून निघतो तेव्हा त्याच्या बॅगेत जातो तो डबा. राजेळी केळी, सोलून उन्हात वाळवून मधाच्या रंगाची झालेली, केळीच्या सुक्या पानात गुंडाळलेली आणि सोपटाने बांधलेली. मी विचारलं, त्या काळात ही असतील का? तर तुम्ही म्हणालात, ‘केळी आपली, ऊन आपलं. वाळवायला कोण शिकवायला हवं?’

मग तुम्ही एक पुडी माझ्यासमोर बांधून दाखवलीत. पान आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, म्हणजे दुमडताना तडकत नाही. सोपटाचं एक टोक दातात धरायचं, दुसऱ्याने दोन वेढे, आणि गाठ अशी की एका हाताने सुटली पाहिजे, कारण बोट हलत असते. ती गाठ मारताना तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता. आई मुलाला काय म्हणते ते मला तेव्हा कळलं. ती काहीच म्हणत नाही.

फिल्ममध्ये तेच आहे. सुरुवातीला तरुण आईचे हात पुडी बांधतात. पुढे, मधल्या वर्षांत, गोन्सालो मकाव-मनिलाकडे फिरत असताना, पुन्हा पुडी बांधणारे हात दिसतात, आता म्हातारे झालेले. ते हात तुमचे आहेत. त्या वेळी पुडी न्यायला कोणी नसतं. बघणाऱ्यांनी मला विचारलं, ही कल्पना कुठून आली? तुमच्या घरातल्या फळीवरून, मावशी. मुलगा समुद्रावर असताना त्याच्या वाटणीचा डबा तुम्ही भरून ठेवता, ते मी पाहिलं होतं.

आणखीही बरंच आहे. फ्रान्सिस्कन ब्रदरच्या कमरेच्या तीन गाठींच्या दोरीसाठी मी नायलॉनची दोरी आणली होती, ती काकांनी फेकून दिली आणि काथ्याची वळून दिली. भुईगावच्या किनाऱ्यावर पहाटे अनवाणी चालण्याचं चित्रीकरण होतं. क्योतोत डाव्या कानाचा तुकडा कापून त्या लोकांना भर थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं, महिनाभर. आमच्याकडे माणसं फक्त आठ, म्हणून पायच दाखवले. त्या आठही जणांना तुम्ही साडेचारला चहा पाजलात आणि पाय शेकायला शेगडी पेटवून दिलीत.

टेकडी मी शेवटी दाखवलीच नाही. आधी मी सगळा हिशेब मांडला होता: खिळे नव्हते, लोखंडी कड्या आणि दोऱ्या होत्या, भाले दोन्ही बाजूंनी. सगळं काढलं. काळा पडदा आणि सव्वीस नावं, तुमच्या आवाजात. जपानी नावं तुम्ही आठवडाभर घोकलीत. पॉल मिकी पटकन जमलं, थॉमस कोझाकीला दोन दिवस लागले.

त्या दिवशी तुमच्या आतल्या खोलीत गोधड्या टांगून आपण आवाज रेकॉर्ड केला. एकेक नाव, त्यापुढे वय कळत असेल तर वय. लुईस इबाराकी या नावाशी आल्यावर तुम्ही थांबलात, कागद डोळ्यांजवळ नेलात आणि मला विचारलंत, ‘बारा?’ मी मागून म्हटलं, ‘हो, बारा.’ तुम्ही काही वेळ बोलला नाहीत, मग पुढचं नाव घेतलंत.

संपल्यावर म्हणालात, ‘ते मधलं काढून टाक, माझं चुकलं.’ मी हो म्हटलं होतं. काढलं नाही, मावशी. ते तसंच आहे, तुमचा प्रश्न, माझं उत्तर आणि ती शांतता. माफ करा, आणि खूप खूप आभार. गेल्या रविवारी हॉलमध्ये ते आलं तेव्हा पुढे सतरंजीवर चुळबुळ करणारी पोरं एकदम पडद्याकडे बघायला लागली.

धाकटा मार्चमध्ये यायचाय ना? राजेळीचा घड मिळाला की मला फोन करायला सांगा. सोलायला येते.

तुमची,
फिल्मवाली