बोटांचे टक्के आणि बुडालेली कमाई : केंद्रीय श्रममंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

भोसरी-चाकण पट्ट्यात पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर) बोटे गमावलेल्या कामगारांचे भरपाईचे अर्ज भरून देण्याचे काम मी करतो. आपल्याकडे एकच मागणी आहे : अपघातानंतरच्या वर्षांत अशा कामगाराची कमाई किती घटते, हे सरकारने प्रत्यक्ष मोजावे.

आज मोजली जाते ती शरीराची हानी. एका हाताची दोन बोटे गेली तर 20 टक्के, तीन गेली तर 30, चार गेली तर 50, अंगठा गेला तर 30, असा तक्ता 1923 च्या भरपाई कायद्याला जोडलेला होता आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो आहे. राज्य कामगार विमा योजनेत 15,000 रुपये पगाराच्या कामगाराची दोन बोटे गेली, तर पगाराच्या 90 टक्क्यांचे 20 टक्के, म्हणजे दरमहा सुमारे 2,700 रुपये त्याला मिळतात. ही रक्कम आयुष्यभर मिळते, हा मोठा आधार आहे आणि मी तो कमी लेखत नाही. पण पुढे हेल्परचे किंवा वॉचमनचे काम पत्करावे लागून त्याचा पगार एक तृतीयांशाने जरी उतरला, तरी दरमहा 5,000 रुपयांची तूट पडते. शिवाय उपचाराच्या काळात विम्याचा लाभ चालू असेपर्यंत त्याला कामावरून काढता येत नाही. तो लाभ थांबला की हे संरक्षणही संपते, आणि ठेकेदाराच्या माणसाला तर पुन्हा बोलावले नाही की झाले.

कायद्याला हे अगदीच ठाऊक नाही असेही नाही. कोपराच्या वर डावा हात गमावलेला सुतार एका हाताने सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता पूर्ण गेली, हा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली मान्य केला. मात्र तिथपर्यंत लढण्याइतके बळ माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांकडे असते. बाकीचे मेडिकल बोर्डाने लिहिलेला टक्का घेऊन घरी जातात.

मोजणीसाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. राज्य कामगार विमा महामंडळाकडे प्रत्येक विमाधारकाच्या वेतनाची नोंद वर्गणीसोबत जमा होते, आणि महिना 21,000 रुपयांची मर्यादा ओलांडून जो या योजनेबाहेर गेला, त्याची नोंद बहुधा भविष्य निर्वाह निधीत सापडेल. कॅलिफोर्नियात 1990 च्या दशकात रँड या संस्थेने भरपाईचे दावे आणि वेतनाच्या नोंदी जोडून असा अभ्यास केला, तेव्हा जखमी कामगारांची कमाई अनेक वर्षे सावरत नसल्याचे दिसले. आपल्याकडे ज्याचे नाव अपघातानंतर या नोंदींतून नाहीसेच होते, त्याला मोजणीतून वगळू नये, कारण सर्वाधिक नुकसान बहुधा त्याचेच झालेले असते.

म्हणून अपघाताआधीची दोन आणि नंतरची पाच वर्षे धरून, कामाचा प्रकार व दुखापत यांनुसार, कोणाचेही नाव उघड न करता ही आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध करण्याचा आदेश आपण महामंडळाला द्यावा, आणि तक्त्यातील टक्के त्या आधारावर दुरुस्त करण्यासाठी कामगार प्रतिनिधींसह समिती नेमावी, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक कामगार कार्यकर्ता, भोसरी